कोऱ्या कागदावरची मोहोर

बीदरच्या चौबाऱ्याकडून किल्ल्याच्या दिशेने निघालं की वाटेत महमूद गवानचा मदरसा लागतो. १४७२ सालची ही तीनमजली वास्तू. दर्शनी बाजूला रंगीत, चकचकीत फरशांनी मढवलेले दोन मनोरे होते, त्यातला एक उरलाय. मुघल अमलात इथे दारूगोळा ठेवला जाई. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याचा स्फोट झाला आणि दुसरा मनोरा दर्शनी भिंतीचा मोठा तुकडा घेऊन कोसळला. हे बांधणारा गवान इराणातल्या गिलानचा. व्यापारी म्हणून दाभोळ बंदरात उतरला, १४५३च्या सुमारास बीदरला आला आणि पुढे बहमनी राज्याचा वजीर झाला. पत्र कसं लिहावं यावर त्याने 'मनाझिर-उल-इन्शा' हा फारसी ग्रंथ लिहिला. त्याच्या स्वतःच्या पत्रांचा 'रियाझ-उल-इन्शा' हा संग्रह आजही दख्खनच्या इतिहासकारांना लागतो. पत्रविद्येतला हा पंडित ५ एप्रिल १४८१ रोजी मारला गेला तो एका पत्रापायीच, आणि ते पत्र त्याने लिहिलेलंच नव्हतं.

विजापुरात बसून सव्वाशे वर्षांनी इतिहासकार फिरिश्त्याने ही हकिगत लिहून ठेवली आहे. गवानने मोठ्या प्रांतांचे लहान प्रांत केले आणि तरफदारांचे, म्हणजे प्रांताधिकाऱ्यांचे, पंख कापले. दरबारातला दख्खनी गट त्याच्यावर दात धरून होता. त्या गटाचा म्होरक्या मलिक हसन निजाम-उल-मुल्क, म्हणजे अहमदनगरच्या निजामशाहीच्या संस्थापकाचा बाप. कटवाल्यांनी आधी गवानच्या मोहोरदाराशी मैत्री केली. भेटवस्तू दिल्या, एके दिवशी भरपूर पाजली आणि घडी घातलेला एक कागद पुढे केला. एका मित्राच्या हिशेबाचा कागद आहे, इतर कचेऱ्यांचे शिक्के झालेत, तेवढी ख्वाजांची, म्हणजे गवानची, मोहोर राहिली आहे, असं सांगितलं. मोहोरदाराने घडी उलगडलीसुद्धा नाही. शिक्का मारून मोकळा झाला. कागद कोराच होता. मग त्या कागदावर ओरिसाच्या राजाला बोलावणं लिहिलं गेलं: आमचा सुलतान दारूत बुडालाय, चाल करून या, मुलूख वाटून घेऊ.

तिसरा मुहम्मदशहा तेव्हा पूर्वेकडच्या मोहिमेवर छावणीत होता. त्याने पत्र पाहिलं, गवानला बोलावलं आणि पत्र त्याच्यासमोर धरलं. मोहोर आपलीच असल्याचं गवानने नाकारलं नाही. मजकुराची आपल्याला गंधवार्ता नाही, एवढंच तो म्हणाला. सुलतान प्यायलेला होता. त्याने जवळच्या गुलामाला हुकूम केला आणि उठून आत गेला. खरा प्रकार कळल्यावर त्याला पश्चात्ताप झाला, पुढच्याच वर्षी तोही वारला, आणि त्यानंतरच्या काही दशकांत बहमनी राज्याची पाच शकलं झाली. शकलं होण्याला कारणं इतरही होती. सगळं एका कागदावर ढकलणं बरोबर नाही.

ही हकिगत इतक्या तपशिलाने सांगितली, कारण आज मित्रांना किंवा घरच्यांना एखाद्या खाजगी जाळ्यात घेताना नेमक्या याच जागा फुटतात. मोहोर खोटी नव्हती. आजच्या भाषेत सांगायचं तर एन्क्रिप्शन कोणी फोडलं नव्हतं. खरी मोहोर खऱ्या माणसाने मारली होती, पण आत काय आहे हे न बघता मारली होती. आणि पत्र हातात पडलेल्या सुलतानापाशी पडताळणीची दुसरी वाट होती. समोर उभ्या असलेल्या माणसाला, त्याच्या मोहोरदाराला, कागद आणणाऱ्याला चार प्रश्न विचारता आले असते. ते त्याने विचारले नाहीत.

आता खाजगी जाळं म्हणजे काय ते पाहू. भालकीहून पुण्याला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तर तो कंपनीच्या सर्व्हरवरून जातो. कुलूपबंद जातो हे खरं. पण कोण कोणाशी आणि किती वेळा बोललं हे कंपनीला दिसू शकतं, आणि खातं चालू ठेवायचं की बंद करायचं हेही तिच्याच हातात. पिअर-टु-पिअर जाळ्यात ही मधली गादी नसते. तुमचं यंत्र आणि माझं यंत्र थेट बोलतात. टॉरेंटही असंच चालतं, पण तिथे अनोळखी लोकांचा बाजार असतो. आपण ज्याबद्दल बोलतोय ते जाळं फक्त ओळखीच्यांचं आहे. आठ-दहा माणसं, त्यांचे फोन आणि एखादा जुना लॅपटॉप. बाहेरच्याला त्यात शिरकाव नाही.

याची गरज कोणाला? एक उदाहरण याच सीमाभागातलं घेऊ. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार पुनर्रचना झाली आणि हैदराबाद राज्यातला जुना बीदर जिल्हा फाटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. गुलबर्ग्याचं आळंद म्हैसूरकडे गेलं, त्याला लागून असलेलं उमरगं मुंबई राज्याकडे आलं. जिल्हे फाटले, सोयरिकी तशाच राहिल्या. आजही अशी घरं आहेत ज्यांची अर्धी जमीन पहाणीवर आहे आणि अर्धी सातबाऱ्यावर. कर्नाटकाची पहाणी कन्नडमध्ये, जुने दस्त उर्दूत, महाराष्ट्राकडचे कागद मराठीत. एक भाऊ भालकीत, एक हैदराबादेत, बहीण निलंग्याला दिलेली, पुतण्या हिंजवडीत. वाटणीचे कागद, आजोबांच्या नावचं खरेदीखत, विहिरीचा नकाशा हे सगळं स्कॅन करून सगळ्यांकडे एकसारखं हवं. कोणाच्या तरी गूगल ड्राइव्हवर ठेवायचं म्हटलं की कोणाच्या, हा प्रश्न आधी येतो आणि त्यावरून घरात बोलाचाली होते. इथे पिअर-टु-पिअर जाळं कामाला येतं. प्रत्येकाकडे पूर्ण प्रत राहते, मालक कोणीच नाही.

या कामाचं सिंकथिंग नावाचं एक मोफत, मुक्त सॉफ्टवेअर २०१३ पासून आहे. अँड्रॉइडवरचं त्याचं मूळ ॲप २०२४च्या अखेरीस थांबलं, आता 'फोर्क' नावाची आवृत्ती चालते. त्यात नवा माणूस कसा येतो ते जवळून बघू, कारण खरी अडचण तिथेच आहे.

पहिल्यांदा उघडलं की यंत्र स्वतःसाठी किल्ल्यांची जोडी तयार करतं. एक गुप्त, ती यंत्राबाहेर जात नाही. दुसरी उघड, ती सगळ्यांना देता येते. या उघड बाजूवरून यंत्राची ओळखखूण निघते: इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून ५६ चिन्हं, सात-सातचे आठ गट. त्यातली चार चिन्हं फक्त टायपिंगची चूक पकडण्यासाठी. पुतण्याची खूण आत्याच्या यंत्रात भरायची आणि आत्याची पुतण्याच्या यंत्रात. दोन्ही बाजूंनी मान्यता मिळाली की जोडणी झाली. एकाने मागितलं आणि दुसऱ्याने आपोआप दिलं, असं इथे होत नाही, ही या रचनेतली सगळ्यात चांगली गोष्ट.

एकाच खोलीत असाल तर काम सोपं आहे. एका फोनवर क्यूआर दाखवायचा, दुसऱ्याने स्कॅन करायचा. फोनपे-गूगल पेमुळे ही हालचाल आता आठवड्याच्या बाजारात भाजी विकणारीलाही पाठ आहे. लांब असाल तर पंचाईत. फोनवर ५६ चिन्हं सांगून बघा. बी की डी, एम की एन, यातच दहा मिनिटं जातात. मग माणूस कंटाळतो आणि म्हणतो, जाऊ दे, व्हॉट्सॲपवर टाक. तेही फार वाईट नाही. पण पुढची पायरी घसरणीची आहे. समोरून 'एक यंत्र जोडू इच्छितं' असा निरोप येतो, त्यावर त्या पुतण्याचं नाव दिसतं: पप्पूचा फोन. आत्या मोठ्या मनाने 'जोडा' दाबते. आता त्या नावात काय असतं? यंत्राला नाव ज्याचं तो देतो. जगातला कोणीही आपल्या फोनला 'पप्पूचा फोन' म्हणू शकतो. खरी खूण त्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेली असते, आणि ती कोणी वाचत नाही. घडी न उलगडता शिक्का मारणं म्हणतात ते हेच.

हा घोळ लोक अडाणी आहेत म्हणून होतो, असं समजू नये. अमेरिकेत १९९९ मध्ये अल्मा व्हिटन आणि डग टायगर यांनी बारा जणांना बसवलं, पीजीपी हे गुप्त ईमेलचं सॉफ्टवेअर दिलं आणि दीड तास दिला. सही केलेला, कुलूपबंद ईमेल नीट पाठवणं जेमतेम एक तृतीयांश लोकांना जमलं. तिघांनी तर गुप्त मजकूर उघडाच पाठवून दिला. मंडळी शिकलेली होती, ईमेल रोज वापरणारी होती. त्या प्रयोगातून मी एवढंच घेतो की जी सुरक्षा वापरायला जड जाते, ती माणसं वळसा घालून टाळतात, आणि धोका त्या वळशावर असतो. म्हणून सभासद होणं सोपं करणं ही सुरक्षेतली सवलत समजू नये. सुरक्षेचं निम्मं काम तेच आहे.

फ्रीनेट नावाच्या जुन्या जाळ्याने हे सोसलं. २००० सालापासूनचं हे जाळं. त्यांची ०.७ ही आवृत्ती २००८ मध्ये आली. फक्त ओळखीच्या माणसांशीच जोडायचं, अनोळख्याला दारच नाही, असा तिच्यामागे मूळ मनसुबा होता. शुद्ध विचार. पण नव्या माणसाचे मित्र आधीपासून आत असतील कुठून? शेवटी अनोळख्यांशी जोडणारी पद्धतही ठेवावी लागली, आणि माणसं साहजिकच सोप्या दारानेच आत आली.

गणिताने यात काय दिलं ते आता बघावं लागेल. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी दाखवलं की आधी कुठलंही गुपित ठरलेलं नसताना, सगळ्यांदेखत बोलून दोघांना एक सामाईक गुप्त किल्ली तयार करता येते. ऐकणाऱ्याला सगळं ऐकूनही ती कळत नाही. विलक्षण गोष्ट. पण तिच्यात एक भोक आहे. किल्ली कोणाशी जमली हे गणित सांगत नाही. मध्ये तिसरा उभा राहिला, तुमच्याशी पुतण्या बनून आणि पुतण्याशी तुम्ही बनून बोलला, तर दोघांच्याही किल्ल्या त्याच्याशीच जमतात. मग दोन्हीकडे कुलूप पक्कं आणि तिजोरी चोराच्या घरात.

यावर व्हॉट्सॲप आणि सिग्नल यांचा उपाय म्हणजे साठ आकडे, पाच-पाचचे बारा गट. दोन्ही फोनवर तेच आकडे दिसले तर मध्ये कोणी नाही. व्हॉट्सॲपमध्ये हा प्रकार कोणाच्याही चॅटच्या माहितीत 'एन्क्रिप्शन'खाली पडून आहे. किती जणांनी तो उघडलाय? आकडे वाचायचे तर सीमाभागात आणखी गंमत. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत मराठी माणूसच अडखळतो, त्यात पलीकडचा नातू कन्नड शाळेतला, काकांचे आकडे निजामी जमान्यातले उर्दू. वाचायचेच तर सुटे वाचावेत: सहा, नऊ, सात, नऊ.

याहून चतुर वाट १९९२ मध्ये स्टीव्हन बेलोविन आणि मायकेल मेरिट यांनी काढली. दोघांना एक छोटासा शब्द ठाऊक असेल तर त्यावरून मोठी, पक्की किल्ली बांधता येते, आणि चोरून ऐकणाऱ्याला तो शब्द घरी बसून अंदाजाने शोधता येत नाही. हे कसं, ते थोडं समजून घ्यायला हवं. साधा छोटा पासवर्ड कमजोर ठरतो, कारण कुलूपबंद फाइल चोराच्या हाती लागली की तो दिवसभरात कोट्यवधी शब्द लावून बघतो. बेलोविन-मेरिटच्या पद्धतीत शब्द दोन्ही बाजूंच्या गणितात असा मिसळला जातो की चोराला प्रत्येक अंदाजासाठी समोरच्या यंत्राशी प्रत्यक्ष बोलावं लागतं. अंदाज चुकला की किल्ल्या जुळत नाहीत, दोघांनाही ते लगेच कळतं आणि तो शब्द तिथेच बाद करता येतो. चोराला एकच संधी, तीही सगळ्यांदेखत.

ब्रायन वॉर्नर या अमेरिकन प्रोग्रामरने यावर 'मॅजिक वर्महोल' नावाचं साधन बनवलं आणि २०१६ मध्ये ते लोकांपुढे मांडलं. पाठवणाऱ्याला एक आकडा आणि दोन शब्द मिळतात. ते फोनवर सांगायचे, पलीकडच्याने टाइप करायचे, फाइल पोचते. शब्द पीजीपीवाल्यांनी १९९५च्या सुमारास केलेल्या यादीतून येतात: एका यादीत दोन उच्चारखंडांचे २५६, दुसरीत तीन उच्चारखंडांचे २५६. म्हणजे ६५,५३६ जोड्या, आणि चोराला त्यातून एकाच फेकीत बरोबर जोडी लावायची आहे. शब्द वापरला की संपला. उद्या तो कोणाच्या हाती लागला तरी उपयोग शून्य.

अशा एकदाच चालणाऱ्या, दुसऱ्या वाटेने सांगितलेल्या छोट्या खुणेचा व्यवहार आपल्या बाजारपेठांत संगणकाच्या आधीपासून आहे. हवालाच्या धंद्यात दहाच्या नोटेचा नंबर फोनवर सांगतात. ती नोट घेऊन जो येईल त्याला रक्कम. धंदा बेकायदेशीर आहे, त्याचं कौतुक करण्याचं कारण नाही. पण रक्कम एका वाटेने आणि खूण दुसऱ्या वाटेने, ही अक्कल तिथे मुरलेली आहे.

आपल्या सभासद करून घेण्याच्या कामात ती अशी उतरते. यंत्राची ओळखखूण वर्महोलने जाऊ द्या, पण त्याचे दोन शब्द आवाजात सांगा. आत्याला फोन लावून, 'आत्या, काय करायलाव? मोबाईल हातात घ्या, दोन शब्द सांगतो' असं म्हटलं की पडताळणी निम्मी झाली. आत्या आवाज ओळखते, खोकला ओळखते, शेवटी 'आईच्या गुडघ्याचं काय झालं?' विचारते आणि उत्तर ऐकते. आवाजाची नक्कल करणारी यंत्रं आता आली आहेत, म्हणून शंका वाटली की नुसत्या आवाजावर जाऊ नका. आपणच फोन ठेवायचा, आपल्याकडच्या जुन्या नंबरवर उलटा लावायचा आणि घरातल्याच माणसाला ठाऊक असेल असं काही विचारायचं.

इथे दामाजीपंतांची कथा आठवल्याशिवाय राहत नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीने दुष्काळात बीदरच्या बादशहाची कोठारं रयतेला खुली केली, आणि साक्षात विठ्ठल विठू महाराच्या रूपात बीदरच्या दरबारात जाऊन रक्कम भरून रसीद घेऊन आला. भक्तीच्या अंगाने ही कथा आपण ऐकत आलो. ओळख पटवण्याच्या अंगाने बघितलं तर दरबारात त्या दूताला कोणी खोदून विचारल्याचं कथेत येत नाही. पैसे घेऊन आलेल्याची ओळख कोण मागतो? माणसाची ही सवय चोरांना पक्की ठाऊक आहे. 'तुमच्या खात्यात चुकून पैसे आलेत', 'तुमचं पार्सल आलंय', 'ग्रुपमध्ये या, शेअर बाजाराच्या टिपा मिळतील', म्हणजे येणारा नेहमी काहीतरी द्यायलाच आलेला असतो. यूपीआयवर 'पैसे मागण्याची' विनंती पैसे मिळण्याची समजून लोक पिन टाकत. शेवटी माणसाने माणसाला पाठवायची ही विनंतीच १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करावी लागली.

आमंत्रणाची लिंक हा यातला सगळ्यात फसवा प्रकार. सोपी आहे, म्हणून सगळ्यांना आवडते. पण 'ज्याच्याकडे लिंक तो आत' अशी लिंक म्हणजे शिक्का मारलेला कोरा कागद, त्यावर नाव कोणीही भरावं. फेब्रुवारी २०२० मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपच्या खाजगी ग्रुपांच्या अशा लिंका गूगलच्या शोधात सापडत असल्याचं उघड झालं. कोणी कुठलं कुलूप फोडलं नव्हतं. लिंका कुठे ना कुठे उघड्यावर टाकलेल्या होत्या, गूगलने त्या नोंदवल्या.

क्यूआरही निर्धोक नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये गूगलच्या सुरक्षा विभागाने जाहीर केलं की रशियाधार्जिणे हॅकर युक्रेनमधल्या लोकांना सिग्नलच्या ग्रुपचं आमंत्रण वाटेल असे क्यूआर पाठवत होते. स्कॅन करणाऱ्याला वाटायचं आपण ग्रुपमध्ये शिरलो. प्रत्यक्षात तो हॅकरचं यंत्र आपल्या खात्याला जोडून द्यायचा, आणि तिथून पुढचे सगळे निरोप दोन ठिकाणी पोचायचे. मोहोरदारासमोर हिशेबाचा म्हणून दुसराच कागद धरला होता, तसं. सिग्नलने मग यंत्र जोडताना जादा विचारणा घातली. आपल्यासाठी यातला धडा सरळ आहे: क्यूआर समोरासमोर, माणसाच्या हातातल्या फोनवरून स्कॅन करावा. निरोपात आलेल्या चित्रातून नको.

समोरासमोरच्या भेटीवर 'ब्रायर' नावाच्या ॲपने मुख्य भिस्त ठेवली आहे. दोघांनी एकमेकांचे क्यूआर स्कॅन करायचे, मग निरोप ब्लूटूथवरून, वाय-फायवरून किंवा टॉर या गुप्त वाटेने जातात. लांबच्यांसाठी लिंक आहे, पण ती दोघांनी एकमेकांची भरावी लागते. त्यातली मला आवडलेली सोय म्हणजे ओळख करून देणं. मी तुम्हाला ओळखतो, मी पाटलांना ओळखतो, तर मी तुमची गाठ घालून देऊ शकतो, आणि दोघांनी हो म्हटलं तरच ती पडते. मात्र एक वस्तुस्थिती सांगायला हवी. मे २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरमधले दहशतवादी वापरतात या कारणावरून केंद्र सरकारने ज्या १४ मेसेजिंग ॲपवर बंदी घातली त्यांत ब्रायर होतं. त्यामुळे घरच्या कागदांसाठी मी ते सुचवत नाही. त्याची रचना मात्र अभ्यासण्यासारखी आहे.

सिंकथिंगमध्ये ओळख करून देण्याचा वेगळा प्रकार आहे. एका यंत्राला 'इंट्रोड्यूसर' ठरवलं की तुमच्याशी सामाईक असलेले फोल्डर ते आणखी ज्यांच्याशी वाटून घेतं ते सगळे आपोआप तुमच्या यादीत येतात, आणि त्याने एखाद्याला काढलं की तुमच्याकडूनही तो जातो. दहा माणसांच्या कुटुंबात प्रत्येकाने प्रत्येकाला जोडायचं तर ४५ जोडण्या होतात. एकाला कर्ता केला की नऊ. सोय मोठी आहे. पण त्या कर्त्याचा फोन ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळं घर. म्हणून कर्त्याचं यंत्र घरात राहणारा लॅपटॉप असावा, रोज एसटीत आणि बाजारात फिरणारा फोन नसावा. त्याला कुलूप असावं, त्याचा पासवर्ड दोघांनाच ठाऊक असावा. मोहोर एका नोकराच्या स्वाधीन करून विसरून जाण्याचं काय होतं ते आपण वर पाहिलं.

आणि काढण्याचं काम जोडण्याच्या कामाइतकंच सोपं हवं. फोन हरवला, विकला, मुलाने पाण्यात टाकला की त्याच दिवशी त्याची खूण यादीतून काढायची. गवानच्या मोहोरेला हा इलाज नव्हता. एकदा उठलेला शिक्का परत घेता येत नाही. आपल्याला तो घेता येतो, फक्त घ्यायची सवय नाही. एक गोष्ट मात्र कोणतंही सॉफ्टवेअर करू शकत नाही. काढलेल्या माणसाकडे आधी पोचलेल्या प्रती त्याच्याकडेच राहतात. काय वाटून घ्यायचं याचा विचार भावाभावांत वितुष्ट येण्याआधीच करावा.

तांत्रिक अडचण एकच सांगतो, कारण ती भालकी-आळंदच्या वाचकाला नक्की येणार. मोबाईल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच इंटरनेट पत्त्यामागे ठेवतात. त्यामुळे दोन फोन बऱ्याचदा थेट एकमेकांना सापडत नाहीत. अशा वेळी सिंकथिंग पत्ता शोधून देणाऱ्या आणि डेटा पुढे ढकलणाऱ्या सार्वजनिक सर्व्हरांची मदत घेतं. ढकलणाऱ्याला आतला मजकूर वाचता येत नाही, वेग मात्र पडतो. घरी फायबर असेल तर काम सुरळीत होतं. नाहीतर मोठ्या फाइली रात्री जाऊ द्याव्यात.

आता एक काम राहिलंय, आणि ते इंजिनिअरपेक्षा भाषा जाणणाऱ्याचं आहे. मॅजिक वर्महोलच्या शब्दयाद्या इंग्रजी आहेत. निलंग्याच्या आत्याला फोनवर 'क्रॉसओव्हर, क्लॉकवर्क' सांगून चालणार नाही. साधनाने दिलेले शब्द बाजूला ठेवून आपले घालायची मुभा त्यात आहे. म्हणून २५६ शब्दांची एक यादी मराठीत हवी, आणि ती पुण्यात बसून करू नये. बीदरच्या बोलीत, उर्दूच्या वळणाने बोलणाऱ्याच्या तोंडून 'ळ' आणि 'ल' यांचा फरक फोनवर ऐकू येईलच असं नाही. 'श' आणि 'ष' तर कुठेच कळत नाही. म्हणून 'कळ' आणि 'कल' यादीत एकत्र नकोत. बाजार, दुकान, कागद असे मराठी, कन्नड आणि दख्खनी तिन्हींत ओळखीचे वाटणारे शब्द जास्त घ्यावेत. एकाचा दुसऱ्याशी घोळ होऊ नये, कोणताच हसू येण्यासारखा किंवा जातीवाचक नसावा. शब्द मनाने निवडू नयेत, कारण माणूस मनाने निवडतो तेव्हा देवाचं नाहीतर लेकराचंच नाव निवडतो. यादीला नंबर द्यावेत आणि आठ वेळा नाणं उडवावं. आठ नाणेफेकींतून बरोबर २५६ निकाल निघतात, म्हणजे एका शब्दाला आठ फेकी, दोन शब्दांना सोळा.

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद इथल्या शाळा-कॉलेजांत भाषा शिकवणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. चार रविवारचं काम आहे. यादी झाली की ती फोनवरून दहा म्हाताऱ्यांना वाचून दाखवा आणि त्यांनी जे शब्द चुकीचे ऐकले ते काढून टाका.